वसईचें वाळवण

चिमाजीअप्पांच्या फौजेनें 1739 सालीं घेतलेला वसईचा कोट घरांतल्या मुलांना दाखवावा, एवढ्याच हेतूनें गेल्या कार्तिकांत आम्ही सहकुटुंब निघालों. कोट पाहून समुद्राकडे वळलों तों पाचूबंदरच्या कोळीवाड्याचा वास सामोरा आला. वहिनींनीं पदर नाकाला लावला. आम्हीही, खोटें कां बोला, परत फिरण्याच्याच विचारांत होतों. पण मुलें पुढें पळालीं होतीं.

थंड देशांत मासे धुरावर धरून टिकवितात, हें आमच्या वाचनांत होतें. आपल्याकडेही लक्षद्वीपांतील मिनिकॉय बेटावर कुपा मासा उकडून, धुरी देऊन, मग उन्हांत वाळवून ठेवतात. तेव्हां येथेंही कोठें धुराच्या भट्ट्या असतील, अशी आमची समजूत. पण वसईच्या बोंबलाला धूर लागत नाहीं. मीठसुद्धां लागत नाहीं. सारा कारभार ऊन आणि वारा यांवर.

बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात. या मांडणीला वलांडी म्हणतात. बोंबलाच्या अंगांत दहा भागांपैकीं जवळजवळ नऊ भाग पाणीच. असा लिबलिबीत जीव जमिनीवर पसरला तर वाळण्याआधीं नासावयाचा. म्हणून तो टांगतात. टांगावयास आंकडा नाहीं कीं सुतळी नाहीं! एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यांत अडकवावयाचा आणि ती जोडी दोरीवर टाकावयाची. दांत एकमेकांस सोडीत नाहींत. हें काम बायकांचें. त्यांचे हात असे चालत होते कीं जोड्या मोजावयास बसलेल्या आमच्या पुतण्यानें तिसऱ्या खेपेस नाद सोडला. दूर नॉर्वेंत, लोफोतेन बेटांवर, कॉड मासाही असाच बिनमिठाचा, जोडीजोडीनें लांकडी माच्यांवर टांगतात. तेथें उन्हाचें काम गार वारा करतो. येथें तीन-चार दिवस चांगलें ऊन मिळालें कीं बोंबील कडकडीत होतो. मांदेली आणि जवळा मात्र खालींच पसरलेला होता.

वलांडीपाशीं बसलेल्या एका वृद्ध बाईंस वहिनींनीं पदराआडूनच विचारलें, "मावशी, आभाळ आलें तर हो?"

मावशी हंसल्या नाहींत. 2017 च्या डिसेंबरांत ओखी वादळाचा पाऊस आला, त्या दिवसांची हकीकत त्यांनीं सांगितली. अर्धवट वाळलेला माल भिजला कीं त्याला अळ्या पडतात. मग तो खाणाराकडे न जातां खताला जातो, आणि डिझेलचें व जाळ्यांचें देणें जागच्या जागीं राहतें. जूनपासून मासेमारीची बंदी लागली कीं घर चालावयाचें तें याच सुक्या मालावर.

वहिनी गप्प झाल्या. चैत्रांत कुरडया गच्चीवर घालून ढगाकडे डोळे लावणें त्यांच्याही अंगवळणीं आहे. पण कुरडया भिजल्या तर आमच्याकडे चार दिवस हळहळ होते, इतकेंच.

दुपारीं खरोखरच पश्चिमेकडून ढग आले. बायका धांवल्या. कोणी जोड्या उतरवूं लागल्या, कोणी मांदेली गोळा करूं लागल्या. ताडपत्रीचें एक टोंक वाऱ्यानें उडत होतें. तें वहिनींनीं दोन्ही हातांनीं दाबून धरलें. पदर नाकावरून केव्हांच सुटला होता. पाऊस चार थेंब शिंपडून गेला.

परतीच्या गाडींत हातांचा वास जाईना. वहिनींनीं त्याविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. विरारपर्यंत त्या खिडकींतून आभाळच पाहत होत्या.