कोनाड्यातला कप

सांगलीत क्रिकेटचा विषय निघाला, की विजय हजाऱ्यांचं नाव आलंच. १९१५ साली ते इथे जन्मले, याचा अभिमान आमच्या स्टाफरूममधल्या, जन्मात कधी बॅट न धरलेल्या मंडळींनाही आहे. मी पडलो साताऱ्याचा. गावाची लाज राखण्यासाठी काहीतरी सांगणं भागच होतं. म्हणून परवा मी एका सामन्याची गोष्ट काढली. आता तो सामना साताऱ्याने हरलेला, ही गोष्ट वेगळी!

एकोणिसावं शतक संपत आलं होतं. साताऱ्याला गोऱ्यांचा जिमखाना होता आणि पुण्याचा हिंदू संघ तिथे खेळायला आला होता. त्यात बाळू पालवणकर होते. चर्मकार कुटुंबात १८७६ साली जन्मलेले, पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखणारे. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. बॅट मात्र कोणी हातात दिली नाही. त्यांची धास्ती एवढी, की साताऱ्याच्या साहेबांनी म्हणे आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला. तरी बाळूंनी सात गडी टिपलेच. पुण्याला परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना हार घातला.

पण याच संघातले सवंगडी, मैदानात बाळूंनी हाताळलेला चेंडू बिनदिक्कत झेलणारे, चहाच्या वेळी आत बसत. बाळू बाहेर. हातात मातीचं भांडं.

इथपर्यंत सांगितलं आणि मी अडखळलो.

साताऱ्यात आमच्या आळीचाही एक संघ होता. त्यात पलीकडच्या वस्तीतला एक मुलगा ऑफब्रेक टाकायचा. त्याच्या जोरावर आम्ही शेजारच्या पेठेला दोनदा धूळ चारली. सामना संपला की सगळे आमच्या ओसरीवर. आजी पन्हं द्यायची. आम्हांला पेल्यातून, त्याला कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपातून. तो कप त्यानेच विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. मी संघाचा कप्तान. त्याच्या गोलंदाजीला स्लिपमध्ये कोण हवा, हे मला बरोबर कळायचं. एकदा तो ओसरीशी न थांबताच निघाला. "तहान नाही," म्हणाला. मे महिन्याची दुपार होती. मी त्याला थांबवलं नाही.

"मग पुढे काय झालं, सर?" स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारलं.

मी १९११ सालच्या इंग्लंडच्या दौऱ्याचं सांगू लागलो. बाळूंनी तिथे शंभराहून अधिक गडी बाद केले होते.