वेसाव्याच्या वाळूखाली

२०२४ च्या दिवाळीत मी मुंबईला ताईकडे गेलो होतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे तिच्या घरात एक मोठी गंमत झाली. अभ्यंगस्नानासाठी मी डोळे चोळीत उठलो, आणि त्याच वेळी आमचे भाचेबुवा डोळे चोळीत निजायला घरी आले. ताईने त्याला बुटांसकट दारातच पकडले आणि पाटावर बसवले. उटणे लावून घेताना त्याने दोनदा जांभई दिली, पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडले, चकलीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि पडदे ओढून तो आडवा झाला. बाहेर फटाके वाजत होते. पण त्याची ती रात्र होती.

स्वयंपाकघरात ताई हळूच म्हणाली, “तू एवढ्या मुलांना शिकवतोस, याला चार शब्द सांग ना! म्हणावं, हे रात्रीचं सोड. तीन वर्षं झाली, दुपारी कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नाही मी.”

मी मान डोलावली. मराठीचा प्राध्यापक दुसरे काय करणार?

भाऊबीज रविवारी आली. भाचेबुवांना सुटी होती. संध्याकाळी ओवाळणी झाल्यावर मी त्याला म्हटले, “चल, समुद्रावर जाऊन येऊ.” चार बंगल्यावरून रमतगमत आम्ही वेसाव्याच्या किनाऱ्यावर पोचलो. एका बाजूला कोळीवाडा, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि त्यांचा तो कोणाचीही ओळख विसरू न देणारा वास. दुसऱ्या बाजूला उंच इमारतींचे दिवे. पाणी ओहोटीला लागले होते. मी मनात उपदेशाची जुळवाजुळव करीत होतो, तोच तो मध्येच थांबला आणि पायाने वाळू उकरीत म्हणाला, “मामा, माझी नोकरी इथून येते.”

मी समुद्राकडे पाहिले. मला वाटले, एखादे जहाज दाखवतो आहे.

“तिकडे नाही. इथं, खाली.”

मग त्याने मला सांगितले ते असे. युरोपकडून आणि सिंगापूरकडून आलेल्या समुद्राखालच्या कितीतरी तारा मुंबईच्या या किनाऱ्याला लागतात, वाळूखालून जवळच्या एखाद्या साध्यासुध्या इमारतीत शिरतात आणि तिथून देशभर पसरतात. खोल समुद्रात ही तार बागेला पाणी घालायच्या नळीएवढीच जाड असते. किनाऱ्याजवळ मात्र तिला पोलादी तारांचे चिलखत चढवतात. आत केसासारखे बारीक काचेचे तंतू. त्यांतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. खंडाखंडांमधली जवळजवळ सगळी बोलणी आणि सगळा हिशेब आज आकाशातून नव्हे, समुद्राच्या तळावरून चालतो.

समुद्राखालची तार मुंबईला नवी नाही. इंग्लंडच्या पोर्थकर्नो या गावापासून जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडन असे मुक्काम करीत पहिली तार इथे आली ती १८७० साली. लिव्हरपूलचा कापसाचा भाव त्याच दिवशी मुंबईच्या पेढीवर कळू लागला. पण त्या तारेतून यायचा तो नुसता भाव आणि हुकूम. कापूस बोटीनेच जाई, आणि कारकून जिथल्या तिथे बसे. आताच्या तारेने हा कारकूनच हलवला. माणूस इथेच राहिला, त्याची खुर्ची तेवढी साता समुद्रांपलीकडे गेली.

१९९६ साली ब्रिटिश एअरवेजने आपल्या कचेरीतले मागच्या खोलीचे काम मुंबईत आणले. मग बँका आल्या, विमा कंपन्या आल्या, इस्पितळे आली. पूर्वी कंपनी म्हणजे एका छपराखाली नांदणारे एकत्र कुटुंब असे. आता मालक कामाचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारतो: हा जगात कुठे स्वस्त आणि चांगला होईल? विक्री न्यूयॉर्कला, फोनवरची समजूत मनिलाला, हिशेब मुंबईला. आता तर परदेशी कंपन्या स्वतःचीच कार्यालये इथे थाटतात. २०२४ साली भारतात अशी सतराशेंहून अधिक केंद्रे होती आणि त्यांत सुमारे एकोणीस लाख माणसे कामाला होती.

त्या एकोणीस लाखांत आमचे भाचेबुवा नाहीत. ते कंत्राटाने असली कामे घेणाऱ्या एका कंपनीत आहेत. मालाडला, एके काळी जिथे मुंबईचा कचरा पडे त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत बसून ते ओहायो राज्यातल्या एका इस्पितळाची बिले तयार करतात. तिथल्या डॉक्टरने लिहिलेले दुखणे वाचायचे आणि त्याला ठरलेला आकडा द्यायचा. आकडा चुकला की तिकडे कोणा आजीबाईंच्या विम्याचे पैसे अडकतात.

“आणि तार तुटली तर?” मी विचारले.

“तुटते की! नांगर अडकतो, जाळं अडकतं. २००८ च्या जानेवारीत इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ तारा तुटल्या, तेव्हा आपली बाहेरची जोडणी जवळजवळ निम्म्यावर आली होती. पण तार पुन्हा जोडता येते, मामा. ती भीती नाही.”

“मग कसली?”

तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “गेल्या वर्षापासून पहिलं वाचन यंत्र करतं. आमच्या टेबलावर आठ जण होतो, आता पाच आहोत. यंत्राचं चुकलेलं आम्ही सुधारतो आणि ते आमच्याकडून शिकतं. म्हणजे तुमच्यासारखीच मास्तरकी! फरक एवढाच, की तुमचा विद्यार्थी पास झाला तर तुमची खुर्ची जात नाही.”

आता माझा उपदेश बाहेर काढायचा क्षण आला होता. मी म्हटले, “मग हे सोडून दिवसाचं काही का बघत नाहीस? ताईला फार वाटतं रे.”

“बघतोय ना. मिळतंही. पण पगार निम्मा. आणि घराचा हप्ता या रात्रींच्या हिशेबानं बांधलाय. आईला हे सांगू नका.”

वाचकहो, मी गप्प बसलो. ज्या खोलीत मी चार दिवस पाहुणचार झोडीत होतो, तिच्या भिंती या मुलाच्या न झोपलेल्या रात्रींनी उभ्या होत्या. ताईने मला जे सांगायला पाठवले होते ते मला सांगता येईना, आणि त्याने जे सांगितले ते ताईला सांगायचे नव्हते. कोळीवाड्याकडे एक होडी परत येत होती. दिवा आधी दिसला, माणसे मागाहून. तिच्याखालून त्या क्षणी किती माणसांचे पगार चालले असतील, कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, माझी परतीची गाडी रात्रीची होती. साडेपाच वाजले तरी भाचेबुवा निवांत चहा पीत बसलेले पाहून ताई घाबरली. “अरे, तुझी गाडी?”

“आजपासून साडेसहाला येणार. अमेरिकेनं काल घड्याळ एक तास मागं घेतलं.”

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडे घड्याळ मागे जाते. त्या वर्षी तो रविवार नेमका भाऊबीजेचा होता. सूर्य दोन्हीकडे आपल्या वेळेवर उगवतो, आणि मालाडची गाडी मात्र एक तास उशिरा येते!

ताईचा चेहरा फुलला. तिने लगबगीने करंज्यांचा डबा काढला आणि त्याच्यासमोर बसली. “बघ,” मला म्हणाली, “तू दिलीस साडी. अमेरिकेनं मला एक तास घातला ओवाळणीत!”

भाचेबुवांनी माझ्याकडे पाहिले. पहाटे तो परतही एक तास उशिराच येणार होता. मी बोललो नाही, तोही बोलला नाही. आम्ही तिघांनी मिळून करंज्या खाल्ल्या. साडेसहाला खाली गाडीचा भोंगा वाजला.