गेटवरचा पोलीस

आपाचा फोन सकाळी साडेसातला आला. एवढ्या सकाळी ती फोन करते ती घरात कोणी आजारी असलं तरच. "शाळेवाले पुलीस बुलारे कते," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मग भाच्यानं फोन घेतला. नववीत आहे तो. म्हणाला, "मामू, काही नाही झालं. स्टेटस ठेवला होता. काढला मी."

कसला स्टेटस ते मी विचारलं नाही. आजकाल विचारावं लागत नाही.

मी कोंढव्यात राहतो, आपा पानशेतच्या खोऱ्यात. गाडी काढली. खडकवासला मागे पडलं की उजव्या हाताला पाणी आणि डाव्या हाताला सिंहगड. या रस्त्यानं मी लहानपणी एस.टी.नं शेकडो वेळा गेलोय. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, पुढे ते पुन्हा बांधायला काढलं, तेव्हा अब्बा त्या कामावर रोलर चालवायला आले आणि इथलेच झाले. आम्हा भावंडांच्या शाळा खोऱ्यातच झाल्या. शाळा आणि पोलीस हे दोन शब्द एकत्र आले की मला त्यातल्या एका शाळेची घंटा आठवते.

साल 1988, मी आठवीत. एका सोमवारी शाळेची पितळी घंटा जागेवर नव्हती. पितळ म्हणजे पैसा, म्हणजे चोरी, असा हिशेब झाला आणि चौकीवर निरोप गेला. दुपारी एक हवालदार आले. मुख्याध्यापकांशी बोलले आणि वर्गात येऊन तिघांना उभं केलं. एकाचे वडील दारू पीत, एक कातकरवाडीतला होता आणि तिसरा मी. माझे मामू पुण्यात भंगारचा धंदा करायचे. ही माहिती हवालदारांना आमच्याच शाळेतून मिळाली असणार, कारण आमच्या घरी ते कधी आले नव्हते.

मारलं नाही, शिवी दिली नाही. फक्त नाव विचारलं. मी नाव सांगितलं. म्हणाले, "पूर्ण." मी अब्बांचं नाव आणि आडनाव सांगितलं. त्यांनी ते एका कागदावर लिहून घेतलं. वर्ग इतका शांत होता की पेन्सिलीचा आवाज ऐकू येत होता.

दोन दिवसांनी घंटा परत आली. तिची कडी तुटली होती म्हणून शिपाईमामांनी ती लोहाराकडे टाकली होती आणि सांगायचं विसरले होते. घंटा पुन्हा टांगली गेली, शाळा भरली, सुटली. आम्हा तिघांना कोणी काही म्हणालं नाही. कातकरवाडीतला मुलगा मात्र पुढे शाळेत दिसला नाही. तो कुठे गेला हे आमच्यापैकी कोणी विचारलंही नाही. मीही नाही.

अब्बांना हे आठवड्यानं कळलं. त्यांनी माझा हात धरला आणि चौकीवर नेलं. म्हणाले, "साहेब, घंटा मिळाली. पोराचं नाव तेवढं खोडा." हवालदार हसले. म्हणाले, "अहो, ते साध्या कागदावर लिहिलेलं. रजिस्टरला काही नाही." अब्बा म्हणाले, "तरी खोडा. त्याच्या समोर खोडा." ड्रॉवरमधून तो कागद निघाला आणि त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली. माणूस वाईट नव्हता. आम्हाला चहाही पाजला.

एवढी साधी गोष्ट. तरी आज पन्नाशीतही खाकी समोर दिसली की मी आधी खिशातलं ओळखपत्र चाचपतो. माझ्या ओळखीच्या कित्येक मुस्लिम घरांत ही सवय आहे. कुणाच्या वाट्याला दंगलीनंतरची धरपकड आली, कुणाच्या वाट्याला नाकाबंदी. माझ्या वाट्याला वर्ग आला. फरक इतकाच की रस्त्यावरचा पोलीस आपण विसरू शकतो. वर्गातला पोलीस पाहणारे चाळीस जण आपल्याबरोबर दहावीपर्यंत असतात.

या प्रकारानंतर मी या विषयावर जमेल तसं वाचत गेलो. शाळेत कायमचा पोलीस नेमण्याची कल्पना अमेरिकेतली. 1950 च्या दशकात मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात ती सुरू झाली. हेतू चांगला होता: मुलांची आणि पोलिसांची ओळख व्हावी. मग 1999 मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला आणि केंद्र सरकारच्या पैशानं देशभर शाळांत पोलीस नेमले जाऊ लागले. खरं तर कोलंबाइनमध्येही एक सशस्त्र अधिकारी नेमलेला होताच. 24 मे 2022 ला टेक्सासमधल्या युवाल्डीत तर शाळांचं स्वतःचं पोलीस दल होतं. त्या दिवशी वेगवेगळ्या खात्यांचे मिळून 376 पोलीस शाळेपाशी जमले आणि हल्लेखोराला गाठायला त्यांना 77 मिनिटं लागली. 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या.

मोठं संकट क्वचित येतं. रोजच्या दिवशी शाळेतल्या त्या पोलिसानं करायचं काय? तर उलट बोलणं, ढकलाढकली, वर्गातला गोंधळ, जे पूर्वी हेडमास्तरांच्या खोलीत मिटायचं ते त्याच्याकडे जाऊ लागलं. 2019 मध्ये ऑर्लँडोत सहा वर्षांच्या एका मुलीला शाळेतून हात बांधून नेलं. तिनं शिक्षकांना लाथा मारल्या होत्या. तिथल्या शिक्षण खात्याचीच आकडेवारी सांगते की शाळेतून अटक होणाऱ्यांत काळ्या मुलांचं प्रमाण त्यांच्या पटावरच्या प्रमाणापेक्षा जास्त आहे. जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर जून 2020 मध्ये मिनियापोलिसच्या शाळा मंडळानं पोलिसांशी असलेला करार मोडला तो उगाच नाही.

आपल्याकडे शाळेत कायमचा पोलीस नाही. तो पाहुण्यासारखा येतो. दहावी-बारावीच्या परीक्षेला केंद्रावर बंदोबस्ताला असतो. आर.एस.पी.ची पोरं चौकात शिट्टी वाजवायला शिकतात ती त्याच्याकडून. केरळनं 2010 मध्ये स्टुडंट पोलीस कॅडेट योजना सुरू केली आणि जुलै 2018 मध्ये केंद्रानं ती देशभर नेली. पुणे शहरात रश्मी शुक्ला आयुक्त असताना 'पोलीस काका' आले. आणि दर जानेवारीत रेझिंग डे सप्ताह असतो. 2 जानेवारी 1961 ला पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, त्याची आठवण म्हणून. त्या आठवड्यात पोलीस शाळेत येतात, मुलं पोलीस ठाण्यात जातात, बंदुका पाहतात. यंदा माझ्या भाच्याच्या शाळेतही एक महिला पोलीस आल्या होत्या. त्यानं बेडी हातात धरून पाहिली आणि घरी येऊन आपाला सांगितलं, "अम्मी, खूप जड असते."

मला यातलं बरंचसं आवडतं. ज्या दिवशी काही घडलेलं नाही त्या दिवशी पोलीस भेटला तर तो माणूस म्हणून भेटतो. मला तो भेटला तेव्हा पहिली ओळखच संशयाची होती.

पोलीस शाळेत नकोच, असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात काय झालं ते आपण पाहिलं. बालवाडीतल्या दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. तिथे पोलिसांकडे ताबडतोब जायला हवं होतं. पोक्सो कायद्याचं कलम 19 ते बंधनकारक करतं, आणि न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हाही दाखल झाला. म्हणजे शाळा घंटेसाठी पोलीस बोलावतात आणि जिथे बोलवायलाच हवेत तिथे 'शाळेचं नाव' सांभाळतात. दोन्हीकडे मोठ्यांनी आपली अब्रू आधी पाहिली, मूल नंतर.

गंमत म्हणजे आपला कायदा याबाबत आपल्यापेक्षा शहाणा आहे. पोक्सोचं कलम 24 सांगतं की मुलाचा जबाब घेताना पोलीस गणवेशात नसावा. बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. त्याखालचे 2016 चे केंद्रीय आदर्श नियम तर म्हणतात की अत्यंत गंभीर गुन्हा नसेल आणि बरोबर कोणी मोठा माणूस सामील नसेल, तर मुलावर एफ.आय.आर. नोंदवू नये, ठाण्याच्या डायरीत नोंद करावी आणि त्याच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल द्यावा. अब्बांनी 1988 मध्ये हात जोडून जे मागितलं, ते आज कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्या शाळांतल्या किती स्टाफरूममध्ये हे माहीत आहे, हा प्रश्न आहे.

शाळेपाशी पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. गेटबाहेर दहा-बारा पोरं मोटारसायकली लावून उभी होती. शाळेतली नव्हती. त्यांच्यातला एक मोबाइलवर शूटिंग करत होता. जून 2023 मध्ये कोल्हापुरात अशाच स्टेटसवरून दगडफेक झाली होती. माझे पाय जड झाले. आपा ऑफिसबाहेरच्या बाकावर बसली होती, तिच्या शेजारी भाचा. मी विचारलं, "का ठेवलास?"

बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "एक पिक्चर बघून आल्यापासून वर्गातले मला बादशहाच्या नावानं हाक मारतात. मी म्हटलं, मारा. तोच फोटो ठेवतो." म्हणजे इतिहासाचं प्रेम नव्हतं, पोरकट राग होता. मी त्याला तिथेच सांगितलं की हे चुकलं. ज्या खोऱ्यात आपण भाकरी खातो तिथल्या माणसांना काय लागतं हे चौदा वर्षांच्या मुलाला कळायला हवं. त्यानं मान हलवली. पण त्या नावानं हाक मारणाऱ्यांचं काय, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुख्याध्यापिका बाईंनी आत बोलावलं. मी वाद घालायच्या तयारीनं गेलो होतो. कलमं पाठ होती. बाई म्हणाल्या, "पोलिसांना मी फोन केलाय. येतील इतक्यात." आपानं माझा हात घट्ट धरला. बाईंच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "ताई, तुमच्या मुलासाठी नाही केला. बाहेर जी पोरं उभी आहेत ना, त्यांच्यासाठी. मुलगा माझा विद्यार्थी आहे. त्याचं मी बघते."

मग त्यांनी भाच्याला आणि त्याला हाक मारणाऱ्या तिघांना समोर बसवलं. चौघांच्याही घरच्यांना बोलावलं होतं. तास-दीड तास गेला. एका मुलाचे वडील, गावातले शेतकरी, आपल्याच पोराला म्हणाले, "याचा आजा आपल्या धरणावर रोलर चालवायचा, माहीत आहे का तुला?" त्याला माहीत नव्हतं. भाच्यानं माफी मागितली. तिघांनीही मागितली, त्यातल्या एकानं मनापासून. वही आली, पण ती शाळेची होती, त्यात चौघांची नावं होती आणि सह्या पालकांच्या होत्या.

मी बाहेर आलो तेव्हा गेटवर दोन पोलीस उभे होते. एक त्याच, जानेवारीत बेडी दाखवणाऱ्या. मोटारसायकली गेल्या होत्या. एक-दोन पोरं लांब चहाच्या टपरीवर रेंगाळत होती. मी जवळ गेलो, सवयीनं खिसा चाचपला आणि विचारलं, "मॅडम, पोराचं नाव लिहिलंत का कुठे?"

त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. नजर टपरीकडे. म्हणाल्या, "त्याचं नाव मला कशाला? ज्यांची लिहायची त्यांची लिहिली. तुम्ही त्याला वर्गात पाठवा, तास बुडतोय."

त्यांची पाठ शाळेकडे होती आणि तोंड रस्त्याकडे. शाळेतल्या पोलिसाविषयी इतकी वर्षं जे वाचलं, ते सगळं मला त्या उभं राहण्यात दिसलं. 1988 च्या हवालदारांचं तोंड आमच्याकडे होतं. दोष त्यांचा एकट्याचा नव्हता. त्यांना तसं उभं आमच्या शाळेनं केलं होतं. या बाईंनी पोलिसांना गेटवर उभं केलं आणि पोरांची जबाबदारी स्वतःकडे ठेवली.

भाचा वर्गात गेला. आपा म्हणाली, चहा घेऊन जा. घरी गेल्यावर तिनं मला विचारलं, "नाव खरंच नाही ना लिहिलं?" मी म्हटलं, नाही. तिनं पुन्हा विचारलं. अब्बा असते तर त्यांनीही दोनदा विचारलं असतं.