बॉल बदलण्याआधी

"अहो, बॉल गेलाय. नवीन आणूनच या." उपनगरात प्लंबिंगचं काम करणाऱ्याला सगळ्यांत जास्त येणारा फोन हाच. घाटकोपरच्या चाळीतल्या काकू असोत, मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी असोत की अंधेरीच्या टॉवरमधला नवा भाडेकरू, निदान आधीच झालेलं असतं. आम्ही फक्त पाना घेऊन पोचायचं. आणि बहुतेक वेळा बॉलला काहीही झालेलं नसतं.

बॉलकॉकची रचना साधी आहे. टाकीत पाणी चढलं की गोळा वर उचलला जातो, त्याच्याबरोबर दांडी उचलली जाते, दांडीच्या दुसऱ्या टोकाशी असलेला पिस्टन पुढे सरकतो आणि पिस्टनच्या तोंडावरचं रबरी वॉशर पाणी येण्याचं भोक दाबून बंद करतं. पाणी उतरलं की सगळं उलट. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. मेक्सिकोतल्या आल्झाते नावाच्या विद्वान पाद्र्यानं १७९० मध्ये असा झडप-गोळा वर्णन करून छापला होता. त्यानंतर धातूच्या जागी प्लास्टिक आलं, गोळ्याच्या जागी उभा डबा आला. तत्त्व तेच राहिलं.

बिघडतं ते हिशेबात. हार्डवेअरच्या दुकानात बॉलकॉक मागितला की दुकानदार विचारतो, "हलका देऊ की भारी?" म्हणजे पितळ किती वजनाचं. "कितव्या मजल्यावर बसवायचाय?" असं विचारणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे, आणि खरा प्रश्न तोच आहे.

सात मजली इमारत धरा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तळमजल्यापेक्षा वीसेक मीटर उंच असतं. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलोनं वाढतो. म्हणजे तळमजल्याच्या फ्लशच्या टाकीत दोन किलोचा दाब आणि सातव्या मजल्यावर जेमतेम पाव-अर्धा किलो. एकाच दुकानातून आणलेला एकच बॉलकॉक दोन्हीकडे बसवला, तर वरचा म्हणतो टाकी भरायला युग लागतं आणि खालचा म्हणतो वॉशर वरचेवर जातं. दोघंही नवा बॉल आणतात. तसाच.

आता गोळ्याची ताकद बघू. साडेचार इंची गोळा अर्धा बुडाला की त्याला सुमारे ४०० ग्रॅमची उचल मिळते. दांडीचा लांब भाग आखूड भागाच्या दहापट असेल, तर वॉशरवर ४ किलोचा जोर येतो. भोक ६ मिलिमीटरचं असेल, तर दोन किलो दाबाचं पाणी त्यावर जेमतेम अर्धा किलो जोर लावतं. गोळा सहज जिंकतो. भोक १२ मिलिमीटरचं केलं की क्षेत्रफळ चौपट, म्हणून जोर सव्वादोन किलो. तरी चालतं. पण हाच मोठ्या भोकाचा बॉलकॉक पालिकेच्या थेट लाइनवर लावला आणि तिथे दाब चार किलो निघाला, तर जोर साडेचार किलोवर जातो. मग गोळ्याला अर्धं बुडून भागत नाही, तो आणखी बुडतो, आणि तोवर पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंत पोचलेलं असतं. बॉल ठणठणीत, टाकी वाहतेय. अशा ठिकाणी बारीक भोकाचा बॉलकॉक किंवा मोठा गोळा लागतो. उंच टॉवरमध्ये तर काही मजल्यांमागे दाब उतरवणारा व्हॉल्व्ह असायला हवा; तो अडकला की त्या पट्ट्यातल्या सगळ्या घरांतून एकाच आठवड्यात "बॉल गेलाय" सुरू होतं. एका उभ्या लाइनमधून तीन फोन आले की मी हत्यारं घेऊन घरात शिरत नाही, आधी डक्टमध्ये जातो.

दुसरं कारण आपल्या पाण्याच्या वेळेचं. तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी शुद्ध होऊनच शहरात येतं. पण उपनगरात ते दिवसातले काही तासच येतं. उरलेल्या वेळात पाइपात हवा असते. पाणी सुटलं की नळ आधी फुसफुसतो, मग जुन्या लोखंडी पाइपातला गंज आणि कचरा पुढे ढकलला जातो आणि त्यातला एखादा कण नेमका वॉशर आणि भोकाच्या मध्ये बसतो. रबरावर चीर पडते. याला नवा बॉलकॉक लागत नाही. पाणी बंद करा, पिस्टन बाहेर काढा, भोकाची कड बोटानं तपासा; गुळगुळीत असेल तर वॉशर फक्त उलटं करून बसवा. दुसरी बाजू कोरी असते. कडच खरवडली असेल, तर मात्र नवा घ्यावा, आणि घेताना पितळी बॉलकॉकवर आयएस १७०३ आणि पॉलिथिनच्या गोळ्यावर आयएस ९७६२ हे मानकाचे आकडे शोधावेत.

फ्लशच्या टाकीत तर अनेकदा चुकीचाच अवयव बदलला जातो. भांड्यात पाण्याची धार दिसली की दोष बॉलला. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीच्या खाली असूनही भांड्यात रंग उतरला, तर गळती तळाच्या झडपेची, बॉल निर्दोष. पाणी नळीच्या काठावरून आत पडत असेल, तरच बॉलकडे वळा. पितळी दांडी थोडी खाली वाकवली की पातळी उतरते. प्लास्टिकच्या दांडीला स्क्रू असतो, ती वाकवायला जाऊ नका, तुटते. पाणी नळीच्या काठाखाली इंचभर थांबलं पाहिजे.

ही धार किरकोळ वाटते. मिनिटाला २०० मिलिलिटरचा एक पेला भरेल एवढीच धरा. दिवसाला २८८ लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याचं राष्ट्रीय मानक माणशी दिवसाला १३५ लिटरचं आहे. म्हणजे दोन माणसांचं पाणी आवाज न करता गेलं.

या गळतीचा ध्यास घेतलेला माणूस आपल्या शेजारीच, दहिसर ओलांडलं की मीरा रोडला आहे. 'ढब्बूजी' आणि 'बहादुर'चे जनक आबिद सुरती. २००७ मध्ये त्यांनी 'ड्रॉप डेड' ही संस्था काढली आणि दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेवक बरोबर घेऊन घरोघरी गळके नळ फुकट दुरुस्त करायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी त्यांनी १,६६६ घरं पाहिली आणि ४१४ नळ दुरुस्त केले. व्यंगचित्रकार आणि लेखक माणूस, पण आमच्या धंद्यातलं मर्म त्यांनी ओळखलं: नुसत्या वॉशरसाठी कोणी प्लंबरला बोलवत नाही, आणि बोलावलं तरी एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही. प्लंबर मंडळींनो, रागावू नका.

खरी दुर्लक्षित जागा मात्र खालची टाकी. पालिकेचं पाणी आधी तिथे येतं, मग पंपानं गच्चीवर जातं. बॉलकॉक मिटत आला की भोक अरुंद होतं आणि टाकीचा शेवटचा भाग रडतखडत भरतो. पाणी दोनच तास, म्हणून काही सोसायट्या बॉल काढूनच ठेवतात. आपल्याला चार बादल्या जास्त मिळतात, लाइनच्या शेवटच्या इमारतीला तेवढ्या कमी, आणि वॉचमनचा डोळा लागला की पाणी गटारात. त्याहून वाईट सवय म्हणजे आवाज नको म्हणून इनलेटला नळी जोडून ती पाण्यात बुडवणं. पुरवठा बंद झाल्यावर पाइपात ओढ तयार होते आणि टाकीतलं पाणी उलटं लाइनमध्ये खेचलं जाऊ शकतं. बॉलकॉकचं तोंड ओव्हरफ्लोच्या वरच हवं. आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाला जाळी. बेंटली नावाच्या डॉक्टरांनी १९११ च्या अहवालात मुंबईच्या मलेरियाचा माग काढला तो शहरातल्या विहिरींत वाढणाऱ्या स्टीफेन्सी डासापर्यंत. तोच डास आज आपल्या टाक्यांत अंडी घालतो. पालिकेची माणसं शिडी लावून टाकीत डोकावतात ती त्याच्यासाठी.

खालच्या टाकीचा बॉल दुरुस्त करायला माणूस आत उतरवावा लागतो, हेच मला पटत नाही. मार्च २०२५ मध्ये नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या भूमिगत टाकीत सफाईला उतरलेले चार कामगार गुदमरून गेले. बंद टाकीतली हवा बाहेरून कळत नाही. झाकणं आदल्या दिवसापासून उघडी हवीत, आत पंख्यानं हवा सोडलेली हवी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोर धरणारा माणूस हवा. त्याहून बरा उपाय स्वस्त आहे: पुढच्या सफाईला टाकी रिकामी होईल तेव्हा इनलेटचा पाइप दोन-तीन फूट सरकवून बॉलकॉक झाकणाच्या बरोबर खाली, वरून हात पोचेल असा बसवून घ्या आणि त्याच्या अलीकडे, टाकीच्या बाहेर, एक व्हॉल्व्ह द्या. मग वॉशर बदलायला जमिनीवर पालथं पडून काम भागतं.