पहारा

लालबागच्या आमच्या चाळीत ‘गाठ’ हा शब्द सहसा मोठ्याने उच्चारला जात नसे. गाठ म्हणजे कर्करोग आणि कर्करोग म्हणजे परळचे टाटा रुग्णालय, असेच सर्वांच्या मनात बसलेले. १९४१ साली उघडलेल्या त्या रुग्णालयाच्या पायऱ्या शेजारपाजारच्या कोणी ना कोणी चढलेल्या होत्या. त्यामुळे माझ्या आत्याच्या मेंदूजवळ गाठ आढळली, तेव्हा सारे शेजारी हळहळले.

आत्याची तक्रार तशी साधीच होती. टेलिफोन डाव्या कानाला लावला, की बोलणे पुसट ऐकू येई. चालताना मधूनच तोल जाई. गणेशोत्सवात ढोल वाजू लागले, की ते कोणत्या दिशेने येत आहेत हेच तिला उमगेना. अखेर टाटा रुग्णालयाच्या जवळच असलेल्या के. ई. एम. रुग्णालयात तिची एमआरआय तपासणी झाली.

चित्रावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, “मावशी, ही गाठ कर्करोगाची नव्हे. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणातून ती उगवली आहे. ती अन्यत्र पसरत नाही. अशी गाठ वर्षाकाठी लाखात एखाद-दुसऱ्यालाच होते.”

“मग ती काढून का टाकीत नाही?” मी विचारले.

“गाठ अवघी ९ मिलिमीटरची आहे. तिला लागूनच चेहरा हलविणारा मज्जातंतू जातो. त्याला इजा झाली, तर अर्धा चेहरा लुळा पडेल. अशा कित्येक गाठी वर्षानुवर्षे वाढतही नाहीत. आपण तिच्यावर पहारा ठेवू.”

पूर्वी असा पहारा शक्यच नव्हता. गाठ मेंदूला दाबू लागे, तेव्हाच तिचा पत्ता लागे. अमेरिकेतील शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठींवर ग्रंथ लिहिला. रुग्णाचे प्राण वाचावेत, म्हणून ते गाठीचा केवळ आतला भाग कोरून काढीत. आज एकेक मिलिमीटर मोजता येतो; म्हणूनच थांबण्याचे धैर्य करता येते.

परंतु हे थांबणे सोपे नव्हते. पहिली तपासणी सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. तपासणीच्या आदल्या रात्री आत्याला झोप लागत नसे. तरी सकाळी सारे कागद कापडी पिशवीत घालून ती सर्वांच्या आधी तयार असे.

तिसऱ्या वर्षी गाठ १३ मिलिमीटर भरली. आता किरणोपचाराची वेळ आली होती. स्वीडनमधील लार्स लेक्सेल यांनी सिद्ध केलेल्या ‘गॅमा नाइफ’ यंत्राचा पहिला उपयोग १९६८ साली झाला. त्याच्या नावात सुरी आहे. पण प्रत्यक्षात सुरी चालतच नाही. सुमारे दोनशे सूक्ष्म किरण एकाच बिंदूवर एकवटतात आणि गाठीची वाढ रोखतात. आत्याचा उपचार एका दिवसात झाला.

गाठ नाहीशी झाली नाही आणि गेलेले ऐकूही परत आले नाही. मात्र त्यानंतरच्या तपासण्यांत गाठ वाढलेली दिसली नाही. “बरी झालीस ना?” असे कोणी विचारले, की आत्या आपला उजवा कान पुढे करून प्रश्न नीट ऐकून घेते आणि शांतपणे म्हणते, “गाठ आहे तिथेच आहे. पण आता ती माझ्या नजरेखाली आहे.”

संकट दिसताच त्याच्यावर तुटून पडणे, यालाच आपण शौर्य समजतो. सावध राहून योग्य वेळेची वाट पाहण्यासही तितकेच मनोबल लागते, हे मी आत्याकडून शिकलो.