आडवा छेद

डोळ्याच्या स्नायूचा सेक्शन आडवा बसला तरच त्यात काही वाचता येतं. जरा तिरका गेला की तंतू लांबट दिसतात, आहेत त्याहून जाड वाटतात. मग लघुतम व्यास मोजून आकडे सावरता येतात, पण माझं समाधान होत नाही. गेल्या पावसाळ्यापासून उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, कॉफी कमी करा. कॉफी कमी केली. सेक्शन कापायच्या क्रायोस्टॅटसमोरचं स्टूल मात्र विद्यार्थ्याकडे गेलं आणि मी त्याच्या पाठीशी उभी राहू लागले.

मांडीच्या बायोप्सीला लांबी असते, दिशा असते. आमचा तुकडा येतो तिरळेपणाच्या ऑपरेशनमधून, स्नायू आखूड करताना सर्जन कापून टाकतात तो. जेमतेम काही मिलिमीटर, एक टोक चिमट्यात चेचलेलं. ताण सुटला की तो आक्रसतो, वळतो. ओलसर गॉझमध्ये गुंडाळून बर्फावर आणायचा. सलाइनमध्ये बुडवून कोणी पाठवला, तर गोठताना त्याची चाळण होणार हे ठरलेलंच. तुकडा गोठवायच्या आयसोपेंटेनच्या तळाशी पांढरे दाणे धरेपर्यंत थांबणं कोणालाही शिकवता येतं. माझं सगळं अडतं त्याच्या आधी, तुकडा कॉर्कवर उभा करताना. तंतूंच्या चकाकत्या रेघा मायक्रोस्कोपखाली शोधायच्या आणि तुकडा सुकायच्या आत त्याला चिमटीने सरळ करायचं. खोबणीच्या हाडाकडचा थर बारीक तंतूंचा, बुबुळाकडचा जाड तंतूंचा. दोन्ही एकाच सेक्शनमध्ये, शेजारी शेजारी, पूर्ण आडवे हवेत. असे सेक्शन मला कित्येकदा मिळाले. हवे तेव्हा मिळाले, असं मात्र म्हणवत नाही.

एवढा अट्टहास कशासाठी? ड्युशेन या स्नायूंच्या आजारात मुलगा साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालणं गमावतो, पुढे श्वासाचे स्नायू थकतात, आणि तरीही त्याचे डोळे खोलीभर तुमच्या मागे फिरत राहतात. कुंकेल यांच्या बोस्टनच्या प्रयोगशाळेने 1986 मध्ये या आजाराचा जीन शोधला आणि 1987 मध्ये डिस्ट्रॉफिन हे प्रथिन. ते प्रथिन या मुलांच्या डोळ्यांच्या स्नायूंतही नसतंच. मग हे स्नायू वाचतात कसे? मॉन्ट्रियलच्या कार्पाती आणि कार्पेंटर यांनी 1986 मध्येच सुचवलं होतं की बारीक तंतूंवर इजा कमी होते. 1998 मध्ये पोर्टर यांच्या गटाने दाखवलं की डिस्ट्रॉफिनसोबत युट्रोफिन हे प्रथिनही नसलेल्या उंदरांत डोळ्यांचे स्नायूही सुटत नाहीत. उलट मायस्थेनियात आणि मायटोकॉन्ड्रियाच्या काही आजारांत पहिला घाव बसतो तो इथेच. एका रोगाने सोडलेला स्नायू दुसऱ्याने आधी गाठावा, या कोड्यावर माझी नोकरी सरली.

त्यात निरोगी डोळ्याचा स्नायूच रोगट दिसतो. तंतू गोल, लहान-मोठे, मधे संयोजी ऊतक भरपूर, ट्रायक्रोम रंगात काही तंतू लालभडक. हातापायांच्या स्नायूंना सरावलेला पॅथॉलॉजिस्ट एका नजरेत 'मायोपॅथी' लिहून मोकळा होतो. अशा कित्येकांना मी सुधारलं आहे, आणि दर वेळी मला त्यात गरजेपेक्षा जास्त मजा आली आहे.

आता नवी मंडळी स्नायू दळतात आणि जनुकांची यादी काढतात. नारळ, मिरची, लसूण एकदा वाटणात गेलं की कुठला तिखटपणा कोणाचा, हे सांगायचं कसं? हाडाकडचा थर आणि बुबुळाकडचा थर एकाच नळीत. एकेक केंद्रक वेगळं करून वाचणारे जास्त हुशार. त्यांनी दाखवलेल्या काही गोष्टी माझ्या स्लाइडवर जन्मात दिसल्या नसत्या. पण केंद्रक कुठल्या तंतूतलं, त्याच्या शेजारी कोण होतं, हे त्यांनाही शेवटी सेक्शनवरच येऊन बघावं लागतं. त्यांचा पेपर हाती आला की मी आधी चित्रं उघडते. तंतूंत बर्फाची भोकं दिसली, की निष्कर्ष वाचायच्या आधीच माझा दिवस चांगला जातो.

विद्यार्थी मायक्रोस्कोपला फोन लावतो आणि तुकडा पडद्यावर बघत उभा करतो. मला ते आवडलं नव्हतं; भिंगाला डोळा लावल्याशिवाय खोली कळत नाही, असं मी त्याला ऐकवलं. "मॅडम, एकदा बघा तरी," एवढंच तो म्हणाला. त्याचे सेक्शन माझ्यापेक्षा सरस आहेत. दोन्ही थर, कडा शाबूत, एकही सुरकुती नाही. एका परिषदेत मी त्यातला एक दाखवला तेव्हा मागून कोणी विचारलं, कापला कोणी? मी म्हटलं, "आमच्याच लॅबमध्ये." विद्यार्थी तिसऱ्या रांगेत बसला होता.

नव्या पेपरला कोणी काय केलं ते लिहावं लागतं. त्याने मसुद्यात सेक्शनपुढे स्वतःचं नाव घातलं आणि माझ्यापुढे 'मार्गदर्शन व निधी'. दोन्ही खरं आहे. तरी मी त्यात 'ऊतकाची दिशा ठरवणे' एवढं जोडून पाठवलं आहे. त्याने अजून खोडलेलं नाही, आणि त्याने विचारलं तर मी भांडणार आहे.