मृगाआधी टायर

अकोट, २८ मे

चि. भाच्यास,

तुझं पत्र पोचलं. स्प्लेंडरला मृगाआधी बटन टायर बसवावे म्हणतोस. बसव, पण पूर्ण बटनाचे नको, अर्ध्या बटनाचे घे. आणि बसवशील तर दोन्ही चाकांना. दुकानदार टायर चांगलाच दाखवेल, पण त्याला तुझी वाट माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझं वावर पूर्णा नदीच्या अंगाला, खारपाण पट्ट्यात आहे. तिथली माती नुसती काळी नाही. काळ्या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. खारपाणात भर म्हणून सोडियमचा क्षार असतो. तो मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतो, त्यामुळे पाणी खाली मुरत नाही आणि वरच्या थराचा लगदा होतो. वर घसरवतो आणि चाकाला चिकटतोही, असा हा गारा आहे.

बटन टायरचं काम समजून घे. दोन बटनांमधल्या खोल जागेत माती शिरते, बटनाची कड जमिनीत रुतते आणि गाडी पुढे ढकलली जाते. पण ती जागा पुढच्या फेऱ्याला मोकळी झाली पाहिजे, आणि मोकळी होते ती चाक वेगात फिरून माती फेकली गेली तरच. मोटोक्रॉसवाल्यांना ते जमतं. तू मागे पंप बांधून पहिल्या गिअरमध्ये पांधनीतून चाललेला असतोस. त्या वेगात आपला गारा सुटत नाही, बटनांमध्ये भरतो आणि टायर पुन्हा सपाट होतो. त्याहून मोठा अडथळा मडगार्डचा. स्प्लेंडरचं पुढचं मडगार्ड चाकाला लागून असतं, त्या फटीत माती ठासली की चाक फिरायचंच थांबतं. एक्सपल्स (२०१९) या गाडीला पुढे २१ इंचाचं चाक आणि टायरपासून वर उचललेली चोच दिली आहे, ती नुसती शोभेची नाही. पण म्हणून मडगार्ड काढून टाकू नको, तोंडावर आणि इंजिनावर सगळा चिखल येईल. खुरपी सोबत ठेव. थांबायचं, फट साफ करायची, पुढे जायचं. पेरणीनंतरच्या झडीत पांधनीच्या तोंडाशी गाडी लावून पायी जा, तेव्हा कोणताच टायर कामाचा नाही.

मग अर्धं बटन तरी कशाला, असं विचारशील. कारण तुझी सगळी वाट गाऱ्याची नाही. नदीकाठची ओली रेती, मुरमाचा चढ, पाऊस उघडल्यावर वरून सुकलेली वाट, इथे त्याची कड खरोखर पकडते. पोपटखेड-शहानूरकडच्या मुरमाडी, दगडी रस्त्यांवर तर रोडच्या टायरपेक्षा हाच बरा. (नरनाळ्याला मित्रांसोबत जाशील तेव्हा टायर आहेत म्हणून आडवाटेला गाडी घालू नको. ते अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय आत जाता येत नाही. रानातल्या जनावरांना आपल्या आवाजाचा त्रास नको.) खेड्यातल्या वापरासाठी कंपन्याही अर्धं बटनच देतात. बजाजची सीटी ११०एक्स २०२१ साली आली ती अर्ध्या बटनाचे टायर घेऊनच.

पूर्ण बटन नको, कारण तू वावराइतकाच अकोल्याच्या डांबरावर असतोस. डांबरावर टायर जितका जास्त टेकेल तितका ब्रेक चांगला लागतो, आणि बटन टायर फक्त गुटक्यांवर टेकतो. वळणावर ते गुटके वाकतात आणि गाडी तरंगल्यासारखी वाटते. ओल्या डांबरावर थांबायला जास्त अंतर लागतं. गाऱ्यात पडलास तर चालण्याच्या वेगात पडशील, कपडे भरतील, फार तर मनगट दुखेल. डांबरावर पन्नासच्या वेगात, समोर सरकीचा ट्रक आणि मागे तुझी आई बसलेली असताना घसरणं वेगळं. टायर निवडताना जिथे जास्त वेळा पडशील ती जागा धरू नको, जिथे पडलास तर उठता येणार नाही ती धर. एकाच चाकाला नको म्हणतो तेही यासाठीच. मागे बटन आणि पुढे गुळगुळीत असेल तर मागचं चाक ढकलत राहतं आणि पुढचं चिखलात हवं तिकडे वळत नाही. उलट केलंस तर ओल्या डांबरावर पुढचा ब्रेक कमी पकडेल, आणि थांबवण्याचा मोठा भार पुढच्या चाकावरच असतो.

माप बदलू नको. जुन्या टायरच्या कडेला २.७५-१८ किंवा ८०/१००-१८ असं लिहिलेलं असेल, तेच घे. रुंद टायर चिमट्याला घासतो, आणि चाकाचा घेर बदलला की स्पीडोमीटर खोटं सांगतो. मापाशेजारी एक आकडा आणि एक अक्षर असतं. ४२ म्हणजे १५० किलो भार, ५२ म्हणजे २०० किलो. पी म्हणजे ताशी १५० पर्यंत, जे म्हणजे १००. तू मागे ४५ किलोच्या युरियाच्या दोन बॅगा टाकतोस, वर स्वतः बसतोस, तेव्हा मागच्या टायरचा आकडा जुन्यापेक्षा कमी नको. आयएसआयची खूण पाहा. टायरच्या कडेला तो बनल्याच्या तारखेचे चार आकडे असतात, त्यांतले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. जुना पडून राहिलेला माल घेऊ नको. फिरण्याचा बाण असतो, फिटरने उलटा बसवला नाही ना ते तिथेच बघ.

हवा काढून चिखलात पकड वाढते हे खरं, पण तुझ्या टायरात ट्यूब आहे. हवा फार कमी केली की टायर रिमवर सरकतो आणि व्हॉल्व्ह मुळातून तुटतो. दोन-चार पॉइंटच्या पलीकडे जाऊ नको, आणि डांबरावर येण्याआधी भरून घे. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश चालव. खारपाणाचा चिखल स्पोक आणि चेनवर वाळू देऊ नको, क्षार लोखंड खातो. दसऱ्यानंतर वाट सुकली की जुने टायर परत चढव, कारण आपल्या उन्हातल्या डांबरावर बटनं लवकर झिजतात. धो-धो पाऊस असेल त्या दिवशी गाडी अकोट स्टेशनवर ठेवून रेल्वेने अकोल्याला जा. ही ब्रॉडगेज नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, तिचा उपयोग करावा.

आणखी एक. टायरने तुझ्या एकट्याची सोय होईल. त्या पांधनीतून शाळेची पोरंही जातात, बाळंतपणाला निघालेल्या बाईलाही तिथूनच न्यावं लागतं. शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना सुरू झाली. ग्रामसभेत तुमच्या पांधनीचं नाव घाला, ठराव लेखी घ्या. धुऱ्यावरून कुणी वहिवाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. तू शिकलेला आहेस, अर्ज तू लिही. मी सोबत येईन.

येत्या आठवड्यात गाडी घेऊन अकोटला ये. त्याआधी दोन्ही टायरांवरचं माप आणि आकडे कागदावर उतरवून आण, आणि मागच्या रिमचे स्पोक ढिले आहेत का ते हाताने पाहून ठेव. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा